सोलापुरात राहून सी. रामचंद्रांच्या चालींचा ट्रम्पेट अल्बम कसा करायचा

वरातीत 'भोली सूरत दिल के खोटे' सुरू केलं की नवरदेवाच्या आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे नाचायला लागतात. गाणं सगळ्यांना ठाऊक असतं, पण चाल कुणाची हे विचारलं तर बहुतेक जण भगवानदादांचं नाव घेतात. भगवानदादा पडद्यावर नाचले. चाल केली सी. रामचंद्रांनी आणि गायलेही तेच, 'चितळकर' या नावाने, लताबाईंच्या सोबत. मी सोलापूरच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. ही चाल मी किती वरातींत वाजवली याची मोजदाद नाही, पण ती नीट ऐकली खूप उशिरा. ऐकल्यावर तिच्या कर्त्यासाठी एक अख्खा अल्बम करावा असं वाटलं, आणि सात गाण्यांचा तो अल्बम पुरा व्हायला दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात जे शिकलो ते क्रमाने सांगतो. मोठ्या शहरात न जाता, हाताशी असलेल्या माणसांना घेऊन ज्याला असं काम करायचं आहे त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी तीन अल्बम ऐका, कागद-पेन्सिल घेऊन

ट्रम्पेटवाल्याने एखाद्या संगीतकाराच्या रचना घेऊन अल्बम करणं ही जॅझमधली जुनी रीत आहे. ऐकण्यासारखं पुष्कळ आहे, पण सुरुवातीला तीन पुरेत.

पहिला लुई आर्मस्ट्राँगचा, डब्ल्यू. सी. हँडींच्या रचनांचा, १९५४ सालचा. हँडी स्वतः कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच छोटं वाद्य) वाजवायचे. त्यांचं 'सेंट लुईस ब्लूज' १९१४ साली छापून आलं आणि त्यातला एक भाग चक्क टँगोच्या ठेक्यात आहे. आर्मस्ट्राँगने ते जवळजवळ नऊ मिनिटं वाजवलं आहे. त्यात सोलो (एकेका वादकाचं स्वैर वादन) आहेत, थट्टामस्करी आहे, गाणं आहे, आणि तरीही मूळ चाल एकदाही हरवत नाही. ऐकताना कागदावर एवढंच टिपा: मूळ चाल जशीच्या तशी कुठे येते आणि किती वेळा येते. मी मोजलं तेव्हा समजलं की मला वाटत होतं त्याच्या कितीतरी पट जास्त वेळा येते. हा अल्बम निघाला तेव्हा हँडी हयात होते. ते १९५८ साली गेले. रचनाकार आपलं वादन ऐकणार आहे असं समजून वाजवण्याची सवय मी तिथून घेतली.

दुसरा क्लार्क टेरीचा, १९५७ सालचा, ड्यूक एलिंग्टनच्या रचनांचा. टेरी एलिंग्टनच्याच बँडमधले, जॉनी हॉजेस आणि पॉल गोन्साल्विस हे त्यांचे सोबतीही तिथलेच. पण त्यांनी एलिंग्टनची मोठी मांडणी बाजूला ठेवली आणि थोडक्या माणसांत त्याच चाली वेगळ्या उभ्या केल्या. संगीतकाराच्या जवळची माणसंही त्याची नक्कल करत नाहीत, हे यात ऐकू येतं.

तिसरा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस आणि वाद्यमेळाची मांडणी करणारा गिल इव्हान्स यांचा, गर्श्विनच्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरावरचा, १९५८ साली ध्वनिमुद्रित होऊन १९५९ साली आलेला. यातल्या 'आय लव्हज यू, पोर्गी'साठी गिल इव्हान्सने माइल्सला कॉर्ड्‌सची (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरगुच्छांची) रांग दिलीच नाही, फक्त एक स्वरपट्टी दिली. ज्याच्या कानात राग आहे त्या माणसाला ही गोष्ट लगेच कळते. पुढे रागावर बोलताना हिच्याकडे पुन्हा येतो.

मग आपला संगीतकार

रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १२ जानेवारी १९१८, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याला. निधन ५ जानेवारी १९८२. ट्रम्पेटवाल्यासाठी हा माणूस इतका जवळचा का, याला ठोस कारण आहे. १९४७ च्या 'शहनाई'तलं 'आना मेरी जान संडे के संडे', १९५० च्या 'समाधी'तलं 'गोरे गोरे', १९५१ चा 'अलबेला', १९५७ च्या 'आशा'तलं 'ईना मीना डीका': मुंबईतल्या क्लबांमधला जॅझ, लॅटिन ठेके आणि स्विंग हिंदी गाण्यात इतक्या हौसेने आणणारा दुसरा माणूस त्या काळात सापडणं कठीण. त्यांच्याकडे वाजवणारे बरेच जण गोव्याचे होते. त्यांतले चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, हे ट्रम्पेट वाजवायचे. त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत, आणि 'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. म्हणजे या चालींमध्ये ट्रम्पेट मुळापासूनच आहे.

आणि याच माणसाने 'अनारकली' केला, 'आझाद' केला, 'ऐ मेरे वतन के लोगों' केलं. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला गळा एका बाजूला आणि बोंगो-क्लॅरिनेट दुसऱ्या बाजूला. अल्बममध्ये दोन्ही बाजू आल्या पाहिजेत. नुसती उडती गाणी घेतली तर वरातीचाच कार्यक्रम होईल.

गाणी निवडणे: शब्द काढून बघा

मी चाळीसएक गाण्यांची यादी केली आणि एकच कसोटी लावली. गाणं 'ना ना ना' करत, शब्दांशिवाय, ठेक्याशिवाय, हळू लयीत गुणगुणायचं. तरीही चाल उभी राहिली तर ठेवायचं. ट्रम्पेटला शब्द नसतात. जे गाणं शब्दांच्या गमतीवर उभं आहे ते ट्रम्पेटवर पोकळ वाजतं. 'मेरे पिया गए रंगून' मला अतिशय आवडतं, पण त्यातली मजा टेलिफोनवरच्या बोलाचालीत आहे. ते काढलं. काढताना वाईट वाटलं.

शेवटी ही सात राहिली: 'शोला जो भड़के', 'शाम ढले खिड़की तले', 'धीरे से आजा री अँखियन में', 'ये ज़िंदगी उसी की है', 'ईना मीना डीका', मराठीतलं 'मलमली तारुण्य माझे' आणि 'ऐ मेरे वतन के लोगों'.

'मलमली तारुण्य माझे' १९७० च्या 'घरकुल'मधलं, सुरेश भटांचे शब्द, आशाबाईंचा आवाज. एक तरी मराठी चाल हवीच होती आणि ही चाल इतकी अलगद सरकते की म्यूट (आवाज दबका करायला ट्रम्पेटच्या तोंडात बसवतात ते बूच) लावून वाजवायला हिच्याइतकी चांगली जागा नाही.

'ऐ मेरे वतन'बद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्यावर सोलो घेऊ नये. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लताबाईंनी ते नेहरूंसमोर गायलं, तेव्हापासून ते गाणं लोकांच्या मनात एका ठरावीक जागी आहे. मी ते शेवटी, एकट्या ट्रम्पेटवर, साथीशिवाय, फक्त मुखडा आणि एक कडवं असं ठेवलं. एकही जास्तीची हरकत नाही.

'भोली सूरत' का नाही, असं सगळे विचारतात. ते मी इतक्या वेळा वरातीत वाजवलं आहे की बोटं आपोआप चालतात. ज्यात बोटं आधी धावतात आणि कान मागून येतो ते गाणं अल्बमला घेऊ नये.

चाल उतरवणे

मी पंधरा वर्षांचा असताना आमच्या बँडमास्तरांनी माझ्या हातातून ट्रम्पेट काढून घेतलं होतं आणि म्हणाले होते, "गाऊन दाखव की आधी. गळ्यात न्हाई ते नळीत कुठनं यील?" या सबंध कामात मला दुसरा कुठलाही नियम इतका उपयोगी पडला नाही.

म्हणून पहिले पंधरा दिवस वाद्य पेटीतच ठेवा. मूळ ध्वनिमुद्रण ऐकून गाणं तोंडपाठ करा. नंतर एका वहीत तीन गोष्टी लिहा. पहिली, गायिकेने श्वास कुठे घेतला. दुसरी, कुठला स्वर सरळ लागला आणि कुठला खालून किंवा वरून घसरत आला. तिसरी, शब्द समेवर पडतो की समेच्या जरा आधी किंवा नंतर. ही तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. लताबाई ओळ जरा मागे ओढतात आणि पुढे भरून काढतात, आणि जॅझवाले ज्याला 'मागे बसून वाजवणं' म्हणतात ते हेच. बँडमध्ये आपल्याला सगळं समेवर ठोकून वाजवायची सवय असते, कारण नाचणाऱ्यांना ते लागतं. ती सवय इथे सोडावी लागते. मला दोन महिने लागले.

आता पट्टी. आपलं ट्रम्पेट बी फ्लॅटचं. कागदावर सी लिहिलेला असला तर प्रत्यक्षात बी फ्लॅट, म्हणजे काळी पाच वाजते. त्यामुळे हार्मोनियमवर जो स्वर आहे त्याच्या एक पूर्ण स्वर वर आपल्याला लिहावं लागतं. हार्मोनियमची पांढरी दोन असेल तर आपला ई, पांढरी चार असेल तर आपला जी. काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार या पट्ट्या ट्रम्पेटला सोप्या. मूळ गाण्याची पट्टी सांभाळायचा हट्ट नको. चालीतला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर शोधा आणि वरचा स्वर कागदावरच्या पाच रेघांच्या वरच्या जी-एच्या आसपास येईल अशी पट्टी धरा. तिथे ट्रम्पेट बोलतं. त्याच्या वर ओरडायला लागतं. अख्ख्या अल्बममध्ये वरचा सी मी एकाच ठिकाणी वापरला, 'शोला जो भड़के'च्या शेवटी.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तोडता सरकणं, हा खरा प्रश्न. ट्रम्पेटवर ती तीन तऱ्हांनी येते: ओठ सैल-घट्ट करून, व्हॉल्व्ह अर्धाच दाबून, किंवा तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी वाजवतानाच सरकवून. अर्ध्या व्हॉल्व्हची मींड लांब गेली तर हसं होतं. ती एका स्वरापुरतीच ठेवा. ओठांची मींड सगळ्यात सुरेल, पण रोज आरशासमोर वीस मिनिटं माउथपीसवर सराव केल्याशिवाय ती भरवशाची होत नाही.

राग आणि कॉर्ड: इथे घाई करू नका

'ये ज़िंदगी उसी की है' भीमपलासीत आहे. भीमपलासीच्या आरोहात ऋषभ आणि धैवत वर्ज्य: नी सा ग म प नी सा, गंधार-निषाद कोमल. हे पाच स्वर कुठल्याही जॅझवाल्यापुढे ठेवले तर तो म्हणेल, ही मायनर पेंटॅटॉनिक. ब्लूज वाजवणाऱ्याच्या बोटांत बसलेली पहिली स्वरपट्टी हीच. त्यामुळे या गाण्यावर सोलो सोपा वाटतो, आणि फसगत इथेच होते. चारच आवर्तनांत भीमपलासी जाऊन ठरीव ब्लूज सुरू होतो. माझा पहिला सोलो तसाच झाला होता आणि दोन महिने तो मला छान वाटत होता.

उपाय अवरोहात आहे. सा नी ध प म ग रे सा असं उतरताना धैवत आणि ऋषभ परत येतात. हे सातही स्वर म्हणजे आपला काफी थाट आणि जॅझवाल्यांची डोरियन, माइल्सने १९५९ साली 'सो व्हॉट'मध्ये वापरलेली तीच. सोलोचा अभ्यास असा करा: आठवडाभर फक्त चढताना पाच, उतरताना सात. मध्यमावर थांबायला शिका, कारण भीमपलासी मध्यमावर विसावते आणि ब्लूजवाल्याचं बोट तिथून घाईने सटकतं. हे जमलं की गाण्याचा चेहरा राहतो आणि वादन तुमचं राहतं.

कीबोर्डवाल्याला या गाण्यासाठी दोनच कॉर्ड द्या: षड्जावर मायनर सेव्हन आणि मध्यमावर डॉमिनंट सेव्हन. मध्यमावरच्या कॉर्डमध्ये म, ध, सा आणि कोमल ग येतात, सगळे रागातलेच. तिसरा कॉर्ड सुचला की त्याला थांबवा. गिल इव्हान्सने माइल्सला जी मोकळीक दिली ती कमी देण्यातूनच आली होती.

'धीरे से आजा री' पिलूतलं. पिलूत दोन्ही गंधार, दोन्ही निषाद येतात. हँडींनी ब्लूज लिहिताना तिसरा आणि सातवा स्वर कोमल करून मेजरच्या अंगावर ठेवला, तोही खेळ दोन गंधार-निषादांचाच. ऐकायला नातं वाटतं, पण चलन वेगळं. ब्लूजचा कोमल गंधार ताण देतो, या अंगाईतला कोमल गंधार बाळाच्या डोक्यावरून हात फिरवतो. तो जोराने वाजवला की अंगाई संपली. हे गाणं मी फ्लूगलहॉर्नवर, म्हणजे ट्रम्पेटच्याच जातीच्या मऊ आवाजाच्या वाद्यावर, वाजवलं. फ्लूगलहॉर्न नसेल तर ट्रम्पेटला कप म्यूट लावा आणि माइकच्या अगदी जवळ, पुटपुटल्यासारखं वाजवा. सोलो अर्ध्या आवर्तनाचा. त्याहून मोठा नको.

उडत्या गाण्यांमध्ये सोलोची जागा कुठे? फिल्मी गाण्यात मुखडा-अंतऱ्याच्या मधले म्युझिक पीस बांधलेले असतात आणि लोकांना ते गाण्याइतकेच पाठ असतात. मी प्रत्येक गाण्यातला एक ओळखीचा पीस जसाच्या तसा ठेवला आणि दुसऱ्याच्या जागी सोलो उघडला. सोलो मुखडा आणि अंतरा मिळून एका आवर्तनावर, फार तर दोन. 'शाम ढले'मधली शिट्टी हार्मन म्यूटवर ट्रम्पेटने घालायची आणि उत्तर क्लॅरिनेटने द्यायचं, ही आमची सगळ्यात जमलेली जागा.

साथीदार आपल्या गल्लीतलेच

सुरुवातीला मीही पियानो, डबल बेस, ड्रमसेट अशी चौकडी शोधत होतो. सोलापुरात डबल बेस मिळाला नाही. बरंच झालं. आमच्या बँडमधल्या युफोनियमवाल्या (युफोनियम म्हणजे खर्जातलं मोठं पितळी वाद्य) काकांना बेसची चाल लिहून दिली तेव्हा त्या गोल, हवेशीर आवाजाने अल्बमला स्वतःचा रंग आला. साइड ड्रमवाल्याने काठ्यांऐवजी ब्रश धरले. 'शोला जो भड़के'ला बोंगोच्या जोडीला ढोलकी घेतली, क्लॅरिनेट होतंच. फक्त कीबोर्डसाठी पुण्याहून एक मित्र यायचा. हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळी पुण्याहून सुटते आणि पहाटे सोलापुरातून परत निघते, त्यामुळे तो मुक्कामाला यायचा आणि पूर्ण दिवस हाती लागायचा.

एक तपासणी आधीच करा. ब्रिटिशांच्या लष्करी बँडांमध्ये पूर्वी सूर चढा असायचा, मध्य सप्तकातला ए हा स्वर ४५२ हर्ट्झच्या आसपास. त्या काळची 'हाय पिच' वाद्यं अजून जुन्या बँडांच्या पेट्यांत सापडतात. क्लॅरिनेट तसं निघालं तर कितीही नळी ओढून ते ४४० च्या कीबोर्डशी जुळत नाही. ट्यूनर लावून पहिल्याच दिवशी बघून घ्या.

बँडची माणसं कागदापेक्षा कानाने वेगाने शिकतात. मी प्रत्येकाचा भाग गाऊन मोबाइलवर पाठवायचो. कॉर्डची नावं सांगायची गरज पडली नाही. पण पैशाचं आधी ठरवा. एका वरातीच्या सुपारीत माणसाला जे मिळतं ते तालमीच्या नाही तरी ध्वनिमुद्रणाच्या दिवसाला मिळालंच पाहिजे. प्रेमाखातर वाजवा असं सांगून लग्नतिथी सोडायला लावू नये.

पंचांग बघून वेळापत्रक

आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात ती तुळशीच्या लग्नापर्यंत. बँडवाल्याला हा काळ कडकीचा, तालमीला मात्र सोन्यासारखा. आषाढ-श्रावणात आठवड्यातून तीन संध्याकाळी बसलो. हवाही बरी असते. मग गणपती येतात आणि दहा दिवस सगळे विखुरतात.

मुद्रण आम्ही पितृपक्षात केलं. त्या पंधरवड्यात कुणाची सुपारी नसते. एकदोघांनी कुरकूर केली, नवं काम या दिवसांत कसं सुरू करायचं म्हणून. युफोनियमवाले काका म्हणाले, "अरे, गेलेल्या माणसाचीच आठवण काढायलोय की आपण." मग कुणी काही बोललं नाही.

विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर ओठ सुजलेले असतात, आणि याकडे दुर्लक्ष केलं तर अल्बम वाया जातो. पहिले दोन दिवस वाद्य हातात घेऊ नका. तिसऱ्या दिवशी फक्त लांब, हळू स्वर, दहा-दहा मिनिटं, मधे तेवढाच आराम. सहाव्या-सातव्या दिवशी मुद्रणाला बसा. एका दिवसात दोनच गाणी, अवघड गाणं आधी.

परवानगी: हे पहिल्या महिन्यातच

हे मी उशिरा केलं आणि चार महिने अडकून बसलो. कायदा समजून घ्या. संगीतरचनेवरचा कॉपीराइट रचनाकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो, म्हणजे सी. रामचंद्रांच्या चालींवर २०४२ च्या अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणाची मुदत वेगळी, प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. त्यामुळे १९५१ च्या तबकडीची मुदत संपली तरी तिच्यावरची चाल मोकळी होत नाही. 'जुनं गाणं आहे, कोण विचारतंय' असं सांगणारे यातच गल्लत करतात.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी मध्ये कव्हर आवृत्तीसाठी वैधानिक परवाना आहे. मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटलेली असावी लागतात, आधी सूचना द्यावी लागते, आणि दर रचनेमागे वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं. शिवाय मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. जॅझमध्ये तर बदल हाच प्राण. म्हणून माझा सल्ला आहे की त्या वाटेने न जाता हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून सरळ लेखी परवाना घ्या. हक्क बहुधा संगीत कंपनीकडे असतात, पण ते गाण्यागणिक तपासा. पत्रात गाण्याचं नाव, चित्रपट, वर्ष, वाद्यसंगीत असल्याचा उल्लेख, त्यात स्वैर वादन असणार हे, आणि प्रसिद्ध कुठे करणार हे सगळं लिहा. 'गोरे गोरे' मी याच कारणाने टाळलं. त्या चालीवर लॅटिन गाण्याचा ठसा इतका उघड आहे की आणखी एका दाराशी जायची तयारी माझ्याकडे नव्हती. सभागृहात वाजवायचं असेल तर सार्वजनिक वादनाचा परवाना वेगळा. त्यासाठी आयपीआरएसकडे (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) अर्ज करावा लागतो.

मुद्रण: चादरी, पंखा आणि दोन फूट

एका स्टुडिओत एक दिवस घालवला. काचेच्या खोलीत एकेकाला बसवून वाजवून घेतलं आणि सगळ्यांचा श्वास वेगवेगळा झाला. तो दिवस टाकून दिला आणि एका परिचितांच्या जुन्या वाड्याच्या माडीवर सगळे एकत्र वाजवायला बसलो.

पूर्व भागात राहणाऱ्यांना यंत्रमागाची खटखट नवी नाही. जाड पडद्यांनी ती थांबत नाही. कापड खोलीतला घुमारा शोषतं, बाहेरचा आवाज अडवत नाही. म्हणून आधी मागांपासून लांबची जागा शोधा, मग कापडाचं बघा. कापडात आपण श्रीमंत आहोत. सोलापुरी चादर दुहेरी करून, भिंतीपासून वीतभर सोडून टांगायची. भिंतीला चिकटवली तर निम्मा फायदा जातो. ट्रम्पेटच्या समोरच्या भिंतीवर दोन, बाजूला एकेक, कोपऱ्यात उभ्या गाद्या. सगळी खोली झाकू नका. मागची भिंत उघडी ठेवली तर आवाजात जीव राहतो.

माइक ट्रम्पेटच्या तोंडापासून दीड-दोन फुटांवर आणि सरळ समोर न धरता थोडा बाजूला. अगदी समोर फुंकेचा मारा आणि धारदारपणा येतो. रिबन माइक मिळाला तर उत्तम, त्याने ट्रम्पेटची धार मऊ होते. पण इंटरफेसची (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्राची) फँटम पॉवर, म्हणजे माइकला जाणारी वीज, बंद आहे ना ते बघून मगच जोडा. नाही तर साधा डायनॅमिक माइक पुरतो. आवाजाची पातळी सगळ्यात जोरात वाजवून उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवा, २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ. हार्मन म्यूट लावला की माइक चार-पाच इंचांवर आणा. माइल्सचा तो कानाशी बोलणारा आवाज त्या जवळीकीतूनच येतो.

पंखा बंद ठेवावा लागतो आणि मग उकाड्याचा प्रश्न उभा राहतो. हवा तापली की ट्रम्पेट चढतं. हिशेबाने दहा अंशांना अर्ध्या स्वराचा साधारण तीसएक टक्के फरक पडतो; फुंकेमुळे नळीतली हवा आधीच गरम असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. कीबोर्ड मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे दर टेकच्या (एका दमात केलेल्या मुद्रणाच्या) आधी ट्यूनर आणि गरज पडेल तशी ट्यूनिंगची नळी बाहेर. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात हे काम करूच नका. पितृपक्षातही आम्ही सकाळी सात ते अकरा एवढंच वाजवलं. दोन टेकच्या मधे व्हॉल्व्हला तेल, नळीतलं पाणी काढणं, आणि सगळ्यांना कोमट पाणी. शेंगाचटणी-भाकरी मुद्रण संपल्यावर. तिखटाने ओठ चुरचुरतात.

तीन टेकच्या वर जाऊ नका. 'ये ज़िंदगी'चा आम्ही दुसरा टेक निवडला. त्यात युफोनियम एका जागी अर्धी मात्रा उशिरा आलं आहे. पाचवा टेक बिनचूक होता, पण त्यात कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

मिश्रण, क्रम, प्रकाशन

मिश्रणाबद्दल थोडकंच. प्रतिध्वनीचा परिणाम हात राखून वापरा, आणि कुणी आवाज दाबून सपाट करून देत असेल तर नको म्हणा. अंगाई हळू आणि 'शोला' मोठं वाजलं पाहिजे.

क्रम लावताना 'ये ज़िंदगी' आणि अंगाई शेजारी ठेवू नका, दोन्ही संथ आहेत. आम्ही 'शाम ढले'ने उघडलं, मधोमध 'मलमली तारुण्य', आणि शेवटी 'ऐ मेरे वतन'. प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या मुद्रणाची ओळख पटवणारा क्रमांक, लागतो. वितरक तो देतो. वेष्टनावर गाण्याचं नाव, चित्रपट, वर्ष, संगीतकार, मूळ गायक आणि आमच्या प्रत्येक वादकाचं नाव वाद्यासह. गीत वाजवलेलं नसलं तरी गीतकाराचं नाव मी घातलं. चाल त्या शब्दांवर बसवलेली होती.

प्रकाशनासाठी १२ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, मनात येणं साहजिक आहे. पण सोलापुरात १२ जानेवारी हा चार हुतात्म्यांचा दिवस. १९३१ साली त्यांना फाशी दिली गेली. त्याच सुमाराला सिद्धेश्वरांची गड्डा यात्राही सुरू होते, नंदीध्वज निघतात आणि बँडवाला एकही मोकळा नसतो. आम्ही ५ जानेवारी धरली, त्यांचा स्मृतिदिन. सभागृहाच्या तारखेसाठी दिवाळीआधीच अर्ज करा, जानेवारीत जागा मिळत नाही.

त्या संध्याकाळी वाजवायला बसण्याआधी तासभर लवकर जा. स्टेजवरचे दिवे लागले की तिथली हवा लगेच तापते. दिवे चालू ठेवूनच सूर जुळवा, आणि अंगाईच्या आधी म्यूट खुर्चीच्या डाव्या बाजूला, न बघता हाताला लागेल असा ठेवा.